धोटा

नार्व्हा नदीच्या या काठाला इस्पितळ,
त्या काठाला दुसरा देश.
माझं काम मधलं.
डॉक्टर एस्टोनियनमध्ये बोलतात,
मी ते रशियनमध्ये पेशंटच्या पुढ्यात ठेवतो,
उत्तर उचलतो, परत.
दिवसाला शे-दोनशे फेऱ्या,
खुर्चीवरून न उठता.

क्लावदिया येफिमोव्ना, वय अठ्ठ्याहत्तर,
तीनदा आली, तीनदा "समजलं" म्हणाली,
आणि ऑपरेशनच्या दिवशी, दोन्ही वेळा,
फोन बंद करून घरीच बसली.
अ‍ॅन्युरिझम हा शब्द
दोन्ही भाषांत जवळजवळ एकच.
मी तो इकडून घेतला, तिकडे दिला,
बंद पाकीट द्यावं तसा.
आत काय आहे
मी तरी कुठे पाहिलं होतं?

चौथ्या खेपेला डॉक्टर रेबाने यांनी
कपाटातून तो आभासी चष्मा काढला,
काळा, जाडजूड, पट्ट्यांचा.
ती म्हणाली, "माझे केस विस्कटतील."
मी अनुवाद केला.
डॉक्टर म्हणाल्या, "हो, विस्कटतील."
मी तोही केला.

मग ती गप्प झाली.
तिच्याच स्कॅनमधून उभी केलेली
तिचीच महाधमनी, बोगद्याएवढी,
आणि ती आत, फिरत्या खुर्चीवर,
पायांत इस्पितळाच्या निळ्या सपाता.
आम्हाला दिसत होती फक्त
डावीकडे वळणारी मान, वर जाणारी हनुवटी.
बराच वेळ.
डॉक्टरांनी तोंड उघडलं. मी मानेनंच "नको" म्हटलं.
(हे माझ्या कामात बसत नाही.)

"इथं विरलंय," ती म्हणाली.
"कोपरावर बाही विरते तसं.
फाटलेलं नाही अजून.
पण धुवायला टाकलं तर जाईल."

सहा महिने मी जो शब्द वाहत होतो
तो असा, एका बाहीत, उघडला.

पुढच्या दृश्यात कापडाची नळी आली,
मिटलेल्या छत्रीसारखी, आणि आतच उलगडली.
क्लावदियानं हवेत हात घातला.
अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली,
एकतीस वर्षं गिरणीत
ठाणामागून ठाण तपासताना घासायची तशी.
सुतावरून लोक स्वर्ग गाठतात म्हणे.
ही सुतावरून स्वतःच्या पोटात उतरली.

"साधी वीण. एक वर, एक खाली. चांगली आहे.
पण काठ कोणी शिवला?"

मी विचारलं.
डॉक्टरांना माहीत नव्हतं.
"माहीत नाही" या दोन शब्दांचा अनुवाद
त्या खोलीत मी पहिल्यांदाच करत होतो.
करताना आवाज जरा चढला माझा.

तिनं चष्मा उतरवला, डॉक्टरांपुढे धरला:
"घाल. दाखवते.
कापड मधे कधी दगा देत नाही,
देतं ते काठाला.
तिथं बघ, जिथं ते भिंतीला टेकतं."
आणि कैसा रेबाने, सतरा वर्षं शस्त्रक्रिया केलेल्या,
खुर्चीवर बसल्या, आंधळ्या कोशिंबिरीतल्या
राज्य आलेल्या पोरीसारख्या हात पुढे करून.
म्हातारी त्यांचं मनगट धरून
इकडे, नाही इकडे, असं फिरवत राहिली.
एक रशियनमध्ये, एक एस्टोनियनमध्ये.
अकरा मिनिटं.
मी खिडकीतून नदी पाहिली.
बर्फाचे तुकडे आले होते,
कोणत्या देशाचे, सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कंपनीला फोन लावला.
काठ हातानंच शिवतात,
भिंगाखाली बसलेल्या बायका.
मी ते क्लावदियाला कळवलं.
पलीकडे शांतता, मग भांडं ठेवल्याचा आवाज.
"कुठल्या पाळीत?"
ते मी विचारलं नव्हतं.

ऑपरेशन गुरुवारी आहे.
येते म्हणालीय. "समजलं" म्हणाली नाही.

संध्याकाळी चष्मा पुसताना
पट्ट्यात अडकलेली तिची केसांची पिन सापडली.
एक पांढरा केस तिच्यात, ताठ, उभ्या धाग्यासारखा.
पाकिटात घालून वर नाव लिहिलंय,
दोन्ही लिप्यांत.
सवयच.