लाभ

निनावे काका 'एक' कधी म्हणालेच नाहीत.
इतवारीत पायलीचं पहिलं माप भरलं
की म्हणायचे, लाभ.
मग दोन, मग तीन, घसा बसेपर्यंत,
तुरीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या.

मी कळमन्यात इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करतो.
माझं काम शून्यापासून सुरू होतं:
रिकामं ताट, हिरवे आकडे.
ते बघायचे नि हसायचे,
"बाप्पा! रिकाम्यापासून कोण मोजते जी?"

अधोली, कुडव, पासरी.
त्यांच्या तोंडात हे शब्द सुपारीच्या खांडासारखे,
दिवसभर पुरणारे.
पासरी म्हणजे पाच शेर, एवढं मी पाठ केलं.
शेर म्हणजे किती,
ते विचारायचं राहिलं.

परवा मेयोत भेटलो.
छातीत पाणी झालेलं, आवाज गेलेला.
नर्स हातावर गोळी ठेवायला गेली: एक...
काकांनी मूठ मिटली.
तिला वाटलं, हट्टी म्हातारा.

मी म्हटलं, सिस्टर,
पहिलीला लाभ म्हणा.

ती गडचिरोलीकडची, नवीन.
घड्याळ बघत म्हणाली, "बरं. लाभ."

मूठ उघडली.
पुढच्या दोन तिनं नेहमीसारख्याच मोजल्या.