कोणती गाय व्याली?

आमच्या तालुक्यात सोयाबीन कुठं नाही?
धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत,
मोंढ्यात थप्पीला, ट्रकच्या फाळक्यातून सांडलेलं,
शाळेच्या पटांगणात वाळत घातलेलं.
पण ताटात म्हणाल
तर लग्नाच्या रश्श्यात चार वड्या,
त्याही मटणाची नक्कल करणाऱ्या.

"आमी सोयाबीन इकतो, बाई. खात नाई."
पिंपळखुट्याच्या बाजारात पहिल्याच सोमवारी
एका दुपट्टेवाल्यानं सांगितलं.
"ढेप करा त्याची. कोंबड्यायले चालते."

आम्ही गटाच्या सात जणी.
तीन दिवसांचं शिकून आलो होतो:
रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची,
आणि दळायचं ते उकळत्या पाण्यातच,
नाहीतर कच्च्या शेंगेचा वास मागं राहतो,
वेलचीला ऐकत नाही, जायफळाला जुमानत नाही.
धुरपताबाई लांडे घाण्याघाण्याला नाक लावायच्या
आणि मानेनंच पास-नापास करायच्या.

दूध निघालं.
चहात फाटलं. दही व्हायला रुसलं.
शेवटी गूळ आणि चायना ग्रास घालून परातीत ओतलं,
सकाळी सुरीनं चौकोन पाडले,
आणि बेबीनंदा ओरडली,
"अवं, हा तं खरवस!"

पाटी लिहिली:
सोयाबीनचा खरवस. पौष्टिक. दहा रुपये.
तीन सोमवारांत विकले नऊ.
त्यातले चार आमच्याच नवऱ्यांनी घेतले,
दोन उधार.

चौथ्या सोमवारी सुलोचना उईकेनं
ओल्या फडक्यानं पहिला शब्द पुसला.
कुणी काही बोललं नाही.
मग 'पौष्टिक'ही पुसलं,
तो शब्द दवाखान्यासारखा लागतो.

दीड तासात परात रिकामी.
"कोणती गाय व्याली वो?"
"जर्सी का गावरान?"
मी खाली मान घालून चिल्लर मोजत राहिले.
वहीत लिहिलं: मागणी चांगली.
अक्षर माझंच, पण ओळीवरून घसरलेलं.

पाचव्या सोमवारी एक बाई आली,
कडेवर न मावणारं पोरगं कडेवर घेऊन.
"याले दूध सोसत नाई. पोट धरून लोळते.
मागच्या सोमवारी बुढीनं नेलेला तुमचा खरवस
यानं चोरून खाल्ला, पाच तुकडे.
रातभर मी जागीच. काईच झालं नाई.
कोणती गाय हाय तुमची?
मले तिचंच दूध लावाचं हाय."

धुरपताबाईंनी पदर नाकाला लावला,
जसा कुठून वास यावा.
"गाय नाही, ताई," मी म्हटलं.
"सोयाबीन आहे. तुमच्याच वावरातलं असेल एखादवेळी."

वाटलं, आता तोंड सुटेल.
ती पोराच्या हनुवटीकडं बघत राहिली.
"मंग तसं लिहा ना," म्हणाली.
"मले का सपन पडनार हाय?"

कांदेवाल्याकडून खडू मागितला.
पाटीवर जागा उरली नव्हती,
म्हणून 'सोयाबीनचा' वर चढला,
बारीक, तिरपा,
घाईनं मोटारसायकलवर मागं बसल्यासारखा.

त्या दिवशी अकरा गेले. पुढं सतरा. मग एकदा सहाच.
दुपट्टेवाला अजून कोंबड्यांचंच सांगतो,
पण उभा राहून सांगतो, आमच्याच दुकानाशी.

परवा कॉलेजचा एक पोरगा फॉर्म घेऊन आला.
सोयाबीनच्या गोड पदार्थांना
बाजारात मागणी किती?
खूप, बरी, अजिबात नाही. एकावर खूण करा.

मी म्हटलं, एका पोराची पक्की आहे.
दर सोमवारी पाच तुकडे.
बाकीच्यांचं अजून ठरायचं आहे.
तो पेन धरून थांबला,
एका पोराला कुठल्या रकान्यात बसवावं हे शोधत.

तेवढ्यात धुरपताबाईंनी त्याच्या हातावर एक चौकोन ठेवला.
"ते राहू दे, बापा. खाय आधी,
आन् सांग, वास येते का?"
आणि आम्ही सात जणी
त्याच्या नाकाकडं बघत राहिलो.