पेव

मार्केट यार्डात, हळद संघाच्या जिन्याखाली
एक लोखंडी खोकं, दोन पंखे
आणि त्याच्या पोटात सहा मशिनं.
हात लावता येत नाही त्यांना, नावानं हाक मारावी लागते.

नावं मुजावर सरांनी ठेवलेली,
राजापुरी, सेलम, कडप्पा, वायगाव, कृष्णा, लोखंडी.
आणि होस्टाचं नाव पेव.
"हरिपुरात जमिनीखाली हळद असायची ना, तसंच.
वरून माणूस चालत जातंय, त्याला पत्ताच नसतोय."

मी काळ्या पडद्यावर यादी मागते.
चालू, चालू, चालू, चालू, चालू. लोखंडी बंद.
माऊस नाही, चित्र नाही,
एक ओळ लिहायची
आणि आडात पोहरा सोडल्यासारखं थांबायचं.

पहिल्या आठवड्यात 'डिस्ट्रॉय' वाचून हात मागं घेतला होता मी.
सर हसले.
"त्याला काय भ्यायचं मधुवंती, नुसता प्लग उपटणं ते,
उद्या परत उठतंय.
भ्यायचं 'अनडिफाइन'ला.
सातबाऱ्यावरनं नाव कमी होतंय, आवाजसुद्धा येत नाही."

आता ऑडिटचा कागद आलाय :
बंद असलेली काढून टाका.
काढायच्या आधी एकदा बघावं म्हणून 'स्टार्ट' दिलं.
वाटलं, पहिल्यापासून उठेल, डोळे चोळत.
नाही.
ती मधूनच बोलायला लागली.
सरांनी तिला बंद केलंच नव्हतं,
आहे तशी जतन करून निजवली होती.

घड्याळ : सहा ऑगस्ट दोन हजार एकोणीस, पावणेतीन.
आणि एक उघडी फाईल :

पोती ११२ माडीवर. खालची ४० राहिली.
पाणी दुसऱ्या पायरीला. सदा कुंभार अजून

पुढं कर्सर.
लुकलुकतोय,
यूपीएसमध्ये दहा मिनिटं उरल्यासारखा.

सेकंद पुढं सरकतात. हिला माहीत नाही
पाणी उतरलं, भिंतीवरची रेघसुद्धा रंगात गेली,
सर लेकीकडं राहायला गेले, फोनवर आता कमी ऐकू येतं त्यांना.
आणि सदा
यार्डाच्या गेटावर चहाचा गाडा लावतो,
सकाळी मला सुट्टे नाहीत म्हणून वैतागला होता.

वाक्य पुरं करावं का?
की-बोर्डवर बोटं ठेवली, उचलली.
ते माझं नव्हतं.

एका ओळीत घड्याळ जुळवलं.
लोखंडीनं सगळी वर्षं एका दमात गिळली
आणि काहीच विचारलं नाही.

ऑडिटच्या कागदावर तिच्यापुढं लिहिलं, चालू.
मग सुट्टे घेऊन खाली गेले.