नोंद घेण्यात आली

आमच्या मंडळीत सध्या सव्वीस माणसं.
त्यातली चार अंथरुणाला खिळलेली,
आणि एक, टॉर्क्विल मोवॅट, समुद्रातल्या तेलविहिरीवर,
म्हणजे महिन्यातून दोनच रविवार आमचा.

माझे वडील मंडळीचे वडील होते.
आठवडाभर बंदरावर हेरिंग तोलणारा तो हात
प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं तबक धरायचा
आणि थरथरायचा नाही.
तेव्हा उशिरा आलेल्याला भिंतीशी उभं राहावं लागे.
आता एकेकाला आख्खं बाक.
तरी विल्यमिना स्वॉन्सन बसते आपल्याच जागी,
खांबामागे, जिथून पाळक दिसत नाही.
तसा पाळक आहे कुठं?
दर तिसऱ्या रविवारी येतो एक, पाच गावांत वाटलेला,
गाडीचं इंजिन चालू ठेवूनच आशीर्वाद देतो,
असं जेमी बज म्हणतो.
अतिशयोक्ती आहे. थोडीशी.

मार्चमध्ये एडिनबरोहून पत्र आलं.
माथ्यावर तेच जळतं झुडूप,
जळतं, पण भस्म होत नाही.
(इकडे बॉयलर नाताळपासून पेटलेला नाही.)
खाली लिहिलेलं: सदर इमारत अतिरिक्त ठरविण्यात येत आहे.
विल्यमिनानं तो शब्द मोठ्यानं वाचला.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.
मग म्हणाली, किटली ठेवा.

तर अशी सुरू झाली आमची सुधारणा.
दारावर कुणी काही ठोकलं नाही;
दार कुजलंय, खिळा धरणार नाही.
विल्यमिनाच्या स्वयंपाकघरात सहा जण, एक वही,
आणि कागद उडू नये म्हणून वर
पणजोबांच्या काळचं शिशाचं बिल्लं,
जे दाखवल्याशिवाय तेव्हा
प्रभूच्या मेजाशी बसू देत नसत.

जेमी म्हणाला, लिहा: जुनी शिकवण परत आणा.
रोना गन म्हणाली, कुठली जुनी?
जिनं माझ्या आत्याला या बिल्ल्यावाचून परत पाठवलं, ती?
बराच वेळ कुणी बोललं नाही.
बिस्किटांचा डबा फिरला.
कुणी म्हणालं, समित्या कमी करा,
कुणी म्हणालं, तरुणांसाठी काहीतरी,
कुणालाच सांगता येईना, काय.
रात्री साडेदहापर्यंत अकरा कलमं खोडली.
उरलं एवढंच:

आम्हाला विकण्याआधी
एकदा येऊन आमच्यासोबत बसा.
हिवाळ्यात या.

सव्वीस सह्या. मिसेस कॉर्मॅकची सही
इस्पितळातून, पेन्सिलीनं, खालच्या ओळीत घसरलेली.

जूनमध्ये उत्तर आलं.
आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.

जेमीनं त्या रात्री पुष्कळ व्हिस्की घेतली.
मी वडिलांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला,
सकाळी पुन्हा सरळ केला.
त्यांचा काय दोष.
की होता? बाकं भरलेली होती तेव्हा
कोण कोण बाहेर उभं होतं,
ते त्यांनी कधी मोजलं होतं का?

मग ऑगस्टमध्ये, न विचारता,
पोस्टमननं तीन पाकिटं आणली.
एक पलीकडच्या बेटावरून, एक डोंगरातल्या गावातून,
एकावर पत्ताच अर्धा: विल्यमिना, खांबामागे.
टॉर्क्विलनं विहिरीवर कुणाला तरी सांगितलं होतं,
त्यानं आपल्या आईला.
तिन्ही पत्रांत तोच शब्द, अतिरिक्त,
तीन वेगळ्या हस्ताक्षरांत,
आणि शेवटी विचारलेलं: तुम्ही कधी जमता?

आता चर्चला कुलूप आहे. दलालाची पाटी आहे.
आम्ही जाळ्यांच्या गोदामात जमतो, डांबराच्या वासात,
स्तोत्राचा पहिला सूर जेमी लावतो, फारच वर,
आणि सगळ्यांची ओढाताण होते.
रोनाची आत्या येते, ब्याण्णव वर्षांची.
पहिल्या दिवशी दारात थांबून तिनं विचारलं,
बिल्लं लागेल का?

विल्यमिना वहीत लिहिते, ठळक अक्षरांत:
हजर, एकोणतीस. शिवाय एक कुत्रं.
पाळक, नाही.
बॉयलर, नाही.
पुढची सभा, होईल.