कृत्तिकेचं सातवं दार

पहिली गोष्ट: यान फारच मोठं आहे.
टीव्हीत ते साबणाच्या डबीएवढं दिसायचं,
रविवारी साडेदहाला, लोको शेडमागच्या क्वार्टरमध्ये.
कप्तान बोलायला लागला की नेमकी मालगाडी जायची,
निम्मे संवाद आम्हीच भरले.
गफ्फार पिंजारी म्हणायचा,
"आता पाय भो, म्हनते का नई, तेल सरलं!"
आणि डबे संपेपर्यंत
कृत्तिकेचं इंधन खरंच सरलेलं असायचं.

त्यावरचा पहिला गेम आला तेव्हा मी सातवीत.
जामनेर रोडला, फालकांच्या सायकल दुकानामागे,
रुपयाला पाच मिनिटं.
मुलींनी तिथे जायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं,
म्हणायची वेळच आली नव्हती.
मी गेले. घामेजल्या पाठींच्या फटीतून पाहिलं:
काळ्या पडद्यावर एक हिरवा चौकोन.
"हेच यान?"
"हेच."
चौकोन डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला,
एका पांढऱ्या ठिपक्यानं मेला.
घरी येताना कुणाचं तरी सुतक असल्यासारखं वाटत होतं.

आता निमिषनं कंट्रोलर हातात दिलाय.
तीन रात्री उतरत होता म्हणे हा गेम.
बाहेर शेहेचाळीस डिग्री,
कूलरमध्ये पाणी मीच ओतलं, मग बसले.

उजव्या अंगठ्यानं बघायचं, डाव्यानं चालायचं.
मी बघते तिकडे चालत नाही,
चालते तिकडे बघत नाही.
"आई, तू छताकडे बघतेयस."
छत चांगलंय रे. टीव्हीत छत नव्हतंच कधी.

कप्तान आता इंग्रजी बोलतो,
नाकातून, कर्जाचा कागद परत करणाऱ्या मॅनेजरसारखा.
त्याचा आवाज बंद केला.
मालगाडी मनातल्या मनात सोडली.

पहिला ग्रह राखेचा.
पाय रुततो, वारा आला की पाऊल पुसलं.
निमिष म्हणतो, काय ग्राफिक्स आहेत!
मी दीपनगरच्या धुराड्यांखाली वाढले, बाळा,
गच्चीवर वाळत घातलेला पांढरा युनिफॉर्म
संध्याकाळी परग्रहावरूनच खाली यायचा.
एकच चुकलंय त्यांचं:
राख ऊन पीत नाही, डोळ्यांवर फेकते.
बाकी ठीक.

शत्रू आले. मी बाजूला होऊन वाट दिली.
"अगं, मार ना!"
आधी कोण आहेत ते बघू तर दे.
अकरा वेळा मेले. सुतक एकदाही नाही.

मग यानात परत, खालच्या मजल्यावर.
सातवं दार.

मालिकेत ते कधी उघडलं नाही.
वैमानिक नीहारा रोज त्याच्यापाशी थांबायची,
तळवा टेकायची, निघून जायची.
शेवटच्या भागात उघडणार होतं.
शेवटच्या भागाला लाइट गेली,
वीज जिथं तयार होते तिथून दोन-तीन कोसांवर.
भुसावळात याचं कोणाला हसू येत नाही.
गफ्फारच्या मावशीकडे, बऱ्हाणपूरला, लाइट होती.
तो म्हणाला, आत बाग होती, केळीची.
चुडामण म्हणाला, बऱ्हाणपूरच्या लोकांना सगळीकडे केळीच दिसतात,
आणि दोघं शाळा सुटेपर्यंत बोलले नाहीत.

इथे आहे ते दार. रंगसुद्धा तोच, जांभळट.
आणि त्याच्यासमोर नीहारा,
दारावर आपटते, मागे येते, पुन्हा आपटते,
पावलं चालू, जागा तीच.
"बग आहे, आई. दार नुसतं रंगवलेलंय, मागे काही नाही.
पॅच आला की ती नीट चालेल. तू पुढे चल,
मिशन तिकडे आहे."

मिशन तिकडेच असतं नेहमी.
मी दोन्ही अंगठे उचलले,
तिच्या बाजूला, हातभर अंतरावर,
आणि पहिल्यांदाच निमिषला न विचारता
सेव्ह कुठं असतं ते शोधून काढलं.