पट्टा न बांधता

हीउमा बेटावर माझी पुस्तकांची गाडी
बुधवारी सहा थांबे घेते.
सहावा बंद पडलेल्या डेअरीच्या मागे.
तिथे सात खंडांची ती जाडजूड मालिका
दोघांतच फिरते:
यान्दर, अकरा वर्षांचा, बारमाही सर्दीचा,
आणि लेइदा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी,
ब्याऐंशीची, बोटं वाकलेली.

मालिकेत नायक दोन.
आल्विक, मेंढपाळाचा पोर,
तलवारीला धार लावताना तिलाच विचारतो, दुखलं का?
आणि दोर्गान, ज्यानं पहिल्याच खंडात
भावासाठी उघडा ठेवायचा दरवाजा
आतून लावून घेतला,
आणि आता खंडामागून खंड
त्या कडीचा आवाज कानात घेऊन हिंडतो.

यान्दर म्हणतो, दोर्गानच. विचारायचं काय त्यात?
आल्विक म्हणजे दुधखुळा, कुणीही टोपी घालावी.
त्याचं चांगलं असणं म्हणजे
परीक्षेला न बसता पास होणं.

लेइदा तोंडानं वाद घालत नाही.
समासात लिहिते, पेन्सिलीनं, बारीक.
दंड आकारायला हवा. आकारत नाही मी.
तिसरा खंड, पान दोनशे बारा:
'चुकलेल्यावर जीव लावणं सोपं.
तो आपल्याला आहोत तसं राहू देतो.'
पाचव्यात, आल्विक शत्रूला आपली घोंगडी देतो
आणि स्वतः रात्रभर काकडतो, तिथे:
'याच्यासमोर मला लाज वाटते.'
त्याखाली यान्दरचं वेडंवाकडं अक्षर:
'मग वाचता कशाला?'
त्याखाली पुन्हा ती:
'म्हणूनच.'

मी उर्वे. ड्रायव्हर. मला कुणी विचारत नाही.
पण थांब्यांच्या मधल्या वेळात
सहा खंड वाचलेत मीही,
हीटर लावून, डब्यातला मासा खात.

थंडी कडक पडली की समुद्र गोठतो,
आणि त्यावरून रस्ता खुला करतात.
मोठी गाडी तिथे चालत नाही,
नवी पुस्तकं आणायला मी माझी छोटी काढते.
नियम फलकावर लिहिलेत:
पट्टा बांधायचा नाही,
बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं.
हळू जा, नाहीतर चांगलंच जोरात.
मधल्या वेगानं जाऊ नका,
खाली लाट तयार होते.

नऊ वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत,
पलीकडे हाप्सालूच्या दवाखान्यात
माझा धाकटा भाऊ, आर्वेद.
रस्ता खुला होता. फलक हिरवा होता.
मी फोनवर म्हटलं, बर्फ कच्चा आहे रे.
तो म्हणाला, मग अजिबात येऊ नकोस.
पट्टा काढायला विसरतेस तू.
जप.

एवढंच. खरं मानलं त्यानं.
रागावला असता, टोमणा मारला असता,
खोटं पकडून 'कळलं हं' म्हणाला असता,
तर आमची फिटंफाट झाली असती,
दोघंही जरा हिणकस, बरोबरीचे.
पण त्यानं माझी काळजी केली.

म्हणून यान्दर, पोरा,
दोर्गानचं दुःख मला पाठ आहे.
ती कडी कशी वाजते, कोणत्या सुरात,
हे लेइदाच्या ऑर्गनवर मी वाजवून दाखवीन.
मला कळत नाही तो दुसरा.
दाराच्या बाहेर उभा राहून
आतल्याला थंडी तर वाजत नसेल ना
म्हणून काळजी करणारा.
त्याला दुधखुळा म्हण, हवं तर.
मीही म्हणत होते.

आज रस्ता पुन्हा उघडला.
सातवा खंड घेऊन परत निघालेय.
यान्दर आधी मागेल, लेइदा म्हणेल, घेऊ दे त्याला,
आणि समास कोरा ठेवून वाट बघेल.
मी अजून शेवट पाहिलेला नाही.
पुस्तक शेजारच्या सीटवर,
त्यालाही पट्टा नाही.
काटा तिसावर आलाय.
खालून काहीतरी उचलल्यासारखं वाटतंय.