दूध मागताना

शाळेचा फॉर्म आठवडाभर फ्रिजवर,
चुंबकाखाली. शुक्रवार शेवटचा.
मुलाला दुसरी भाषा कोणती हवी?
एकच चौकट,
आणि तिच्यासमोर आम्ही दोघं,
इद्रीस झोपल्यावर आवाज खाली करून भांडणारे.

नाव ठेवताना किती सोपं गेलं होतं.
इद्रीस म्हणजे आमच्याकडे डोंगरावर बसलेला राक्षस,
लिबानकडे पैगंबर.
दोन्ही आज्या खूश.
वाटलं, सगळं असंच जमत जाईल.

गंमत म्हणजे भांडण उलटं होतं.
लिबान म्हणे, वेल्शच.
"उद्या कुणी विचारलं, तू मूळचा कुठला,
तर यानं विचारणाऱ्याच्या पणजोबांच्या भाषेत सांगावं:
इथला. मागच्या गल्लीतला.
आणि ती त्याला कळू नये."

मी म्हणे, सोमाली.
वेल्शला काय कमी आहे?
तिला रस्त्याच्या पाट्या आहेत, टीव्ही आहे,
कार्डिफात पार्किंगचा दंडसुद्धा वेल्शमध्ये होतो.
तुझी भाषा या शहरात राहते कुठे?
तुझ्या फोनमध्ये. हर्गेसाहून येणाऱ्या
तुझ्या आईच्या चार-चार मिनिटांच्या निरोपांत,
जे तू भांडी घासताना ऐकतोस
आणि उत्तर देतोस फक्त "हो".

"उंटांचे शब्द शिकून
इथे हाका कुणाला मारील तो?"
आमच्याकडे तरी काय, म्हटलं, मेंढ्याच.
हसलो. मग परत भांडलो.

एक गोष्ट त्याला सांगितली नव्हती.
माझे वडील वेल्श बोलत ते फक्त कुत्रीशी.
आमच्याशी इंग्रजी, नीट, इस्त्री केलेली,
आणि मॉटशी ती दुसरी:
बस. इकडे ये. सोड ते. शहाणी गं माझी.
मी मॉटला खेटून बसायचे,
तिच्या वाटचं थोडं अंगावर सांडेल म्हणून.
मला येते ती एवढीच.
सात-आठ हुकूम आणि एक लाड,
तोही माझा नव्हे.

बुधवारी रात्री सांगून टाकलं.
लिबान बराच वेळ ओट्यावरचा
केव्हाच गेलेला डाग पुसत राहिला.
"आई वाचायला शिकली नाही," म्हणाला.
"आमची भाषा लिहायला लागले तेव्हा
ती बकऱ्या घेऊन लांब गेली होती.
तिचं सगळं तोंडीच आहे, नेरिस.
आणि मी 'हो' म्हणतो ना,
ते पुढचे शब्द आठवत नाहीत म्हणून."

गुरुवारी वेल्शपुढे खूण केली.
जिला फळा आहे, बाई आहेत, ती शाळेकडून घ्यावी.
जिला नुसतं घर आहे
तिच्या वर्गात मी माझंच नाव घातलं.
मास्तर ओट्याशी उभे, अर्धं विसरलेले.

पहिला धडा: सासूबाईंना फोन लावून
चहात दूध मागायचं.
त्या शब्दाच्या तोंडाशी एक अक्षर आहे, घशाच्या तळातलं.
पाय रोवून, दोर खेचत वर आणायचं.
माझ्या हातून दोर सुटला.
"आनो," मी म्हटलं.
पलीकडे शांतता.
मग म्हातारी हसत सुटली, ठसका लागेपर्यंत.
लिबाननं डोळे पुसत सांगितलं,
तू चहात सूड मागितलास.
खुनाचा बदला. एक चमचा.

आणि टेबलाखालून,
जिथे एक लाल क्रेन महिनाभर
कसली कसली ओझी उचलते आहे,
तिथून, क्रेन न थांबवता,
कुणी न शिकवता,
ते अक्षर आलं. तळापासून, भरलेलं.

फोनमधला खोकला थांबला.
तिनं काहीतरी विचारलं, अगदी हळू.
मला कळलं नाही.
लिबानला कळलं,
आणि या वेळी "हो" पुरणार नव्हतं.